पाताळातून आलेलं कार्ड

"नाना, अमरावतीच्या एका मुलीनं पुस्तक परत पाठवलंय," मी म्हणाले. "वर लिहिलंय, हे तुमचं तुमच्याकडेच ठेवा."

नाना खुदकन हसले. त्यांच्या मांडीवर पत्रांचा ढीग होता आणि उजवा हात त्यांनी नेहमीसारखा डाव्या हातानं दाबून धरला होता. "अजून?"

"लातूरच्या एका वर्गातल्या एकेचाळीस मुलांनी निषेध केलाय, सह्यांसकट. धुळ्याच्या मुलानं शेवटचं प्रकरण नव्यानं लिहून पाठवलंय. त्यात तुम्हालाच नागांनी धरून नेलंय."

"शुद्धलेखन?"

"तुमच्यापेक्षा बरं आहे."

अठ्ठ्याण्णव सालचा मार्च महिना होता तो. आदल्या दिवाळीत नानांच्या 'सात तळ' मालिकेतलं सातवं आणि शेवटचं पुस्तक आलं होतं. अतल, वितल, सुतल असं एकेक पाताळ उतरत शतंजय नावाचा मुलगा सात वर्षं खाली खाली चालला होता, दर दिवाळीला एक तळ. त्याच्याबरोबर महाराष्ट्रातली निम्मी पोरं उतरत होती. आणि शेवटी नानांनी काय केलं, तर शतंजयाला खालीच ठेवला. पाताळातल्या भोगवती नदीचा बांध कुणीतरी धरून ठेवायला हवा होता, नाहीतर वरची पृथ्वी बुडाली असती. मग शतंजय म्हणाला, "तुम्ही जा, मी इथेच आहे." पुस्तक संपलं. पोरं खवळली. पुण्यातल्या आमच्या प्रकाशन संस्थेत पोस्टमन पोतं घेऊन यायला लागला. एका मुलानं तर लिहिलं होतं, की बळीराजासुद्धा वर्षातून एकदा पाताळातून वर येतो, मग शतंजयाला दिवाळीची सुट्टी का नाही? हे पत्र मी भिंतीवर लावलं होतं.

प्रत्येक मुलाला उत्तर जायचं, ही नानांची पद्धत. आणि दुसरा एक नियम होता, तो त्याहून कडक. उत्तरात कधीही 'ही गोष्ट आहे', 'मी असं लिहिलं', असं म्हणायचं नाही. "मुलाला उत्तर पाताळातूनच गेलं पाहिजे," नाना म्हणायचे. म्हणून पत्त्याच्या जागी 'भोगवतीचा काठ' असं लिहायचं, आणि मजकूरही असा, जणू नाना आत्ताच शतंजयाला भेटून आलेत.

तिसरी गोष्ट नियम नव्हती, गुपित होतं. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळेपासूनच नानांचा हात कापू लागला होता. पुस्तकं ते तोंडानं सांगायचे, मी उतरवून घ्यायची. पत्रांची उत्तरं मात्र मीच लिहायची, माझ्या मनानं आणि त्यांच्या अक्षरात. त्यांचा तो उजवीकडे कललेला 'न', सहीखाली ओढलेली नागमोडी रेघ, सगळं मी महिनाभर गिरवून उचललं होतं. प्रकाशकांनी एकदा माझी सही आणि नानांची जुनी सही शेजारी ठेवली आणि खरी म्हणून माझ्या सहीवर बोट ठेवलं. मला त्याचा फार अभिमान होता. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि माझ्यासारखी हुशार मीच, असं मला वाटायचं.

त्या दिवशीच्या ढिगात वहीचं एक फाडलेलं पान होतं. नवनाथ ज्ञानदेव नगरे, इयत्ता सहावी, मुक्काम नवी कोंढार. अक्षर मोठं, ओळी चढउतार. मी नानांना वाचून दाखवलं.

"शतंजय परत का आला नाही. पहिल्या पुस्तकात त्याची आई नदीवर धुणं धूत होती. तो गेला तेव्हा ती तिथंच होती. पुढे सहा पुस्तकात ती कुठं गेली. तिला कोणी सांगितलं का. तो खाली काय जेवतो. त्याला थंडी वाजते का. तो येणार असेल तर कधी येणार ते लिहा."

नानांनी मला ते पान पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आईचं राहूनच गेलं की गं वासंती. सात वर्षांत एकानंही विचारलं नाही."

"पोरगं तल्लख आहे."

"चांगलं उत्तर लिही त्याला."

मी चांगलं उत्तर लिहिलं. ते मला आजही पाठ आहे.

"चि. नवनाथ, तुझं पत्र इथे खाली पोचलं. शतंजय सुखरूप आहे. त्याला इथे कुणी उपाशी ठेवत नाही आणि थंडी तर मुळीच वाजत नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, की भोगवतीचं दार थोडं उघडतं. त्याच्या माणसांनी तेव्हा दारापाशी येऊन हाक मारावी. तो ओ देईल. मात्र हे कुणाला सांगू नकोस."

शेवटचं वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झाले होते. सही केली, नागमोडी रेघ ओढली आणि कार्ड पेटीत टाकलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नवी कोंढारच्या शाळेतल्या लिगाडे गुरुजींचं पत्र आलं. ते मी उभ्यानं वाचायला घेतलं आणि बसून संपवलं.

नवनाथ गेल्या भाद्रपदात धरणाच्या पाण्यात बुडाला होता. वडिलांनी जाळी बघायला पाठवलं आणि होडी उलटली. देह मिळाला नाही. म्हणजे शेवटचं पुस्तक आलं तेव्हा तो नव्हताच. आणि त्याच्या नावानं आलेलं कार्ड वडिलांच्या हातात पडलं होतं. 'तुझं पत्र इथे खाली पोचलं.' पोरानं पाण्याखालून पत्र लिहिलं आणि त्याला उत्तर आलं, असं ज्ञानदेव नगरे धरून बसले होते. दोन महिने ते रोज काठावर जाऊन हाका मारत होते. धरणात गेलेल्या जुन्या गावाची वेस आता पाण्याबाहेर आली होती. 'वेशीची कमान हेच ते दार, उंबरा उघडा पडला की आत जाणार म्हणतात,' गुरुजींनी लिहिलं होतं. 'कमानीपलीकडे पुरुषभर गाळ आहे. गेल्या साली तिथे म्हैस गेली. चार-सहा दिवसांत उंबरा उघडा पडेल. माणसं किती दिवस राखण करणार? ते कुणाचं ऐकत नाहीत, पण लेखकांचं ऐकतील. कृपया स्वतः यावे.'

मी नानांच्या घरी गेले आणि पत्र वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"तू काय लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणून दाखवलं.

"मला चार पावलं चालवत नाही, वासंती," नाना म्हणाले. "मी शतंजयाला सरळ मारायला हवा होता. रडली असती पोरं, विसरली असती."

"मी काय सांगू तिथे जाऊन?"

"खरं सांग."

"सगळं?"

"माझ्या अब्रूचं बघू नकोस," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले. दोन गाड्या बदलून, शेवटचं अंतर एका टेम्पोत बसून नव्या कोंढारला पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. फाट्यावर लिगाडे गुरुजी छत्री उघडून उभे होते. मला एकटीला बघून त्यांचा चेहरा पडला.

"नाना?"

"आजारी आहेत. मी त्यांच्या ऑफिसातली."

"ऑफिसातलं माणूस काय कामाचं हो?" गुरुजी म्हणाले, आणि लगेच ओशाळले. "या, या. आधी घरी जाऊ. आज सकाळीच उंबरा दिसायला लागलाय."

भोई लोकांची ती वस्ती. पत्र्याची घरं, दारोदार वाळत घातलेली जाळी, हवेत मासळीचा वास. नगऱ्यांच्या दारात एक तिशीतली बाई जाळं सांधत बसली होती. गुरुजींनी सांगितलं, ही नवनाथची आई, हौसाबाई. तिनं माझ्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी जरा काठावर जाता का? मानसं कट्टाळल्यात राखून राखून."

गुरुजी गेले. तिनं मला आत नेलं, पाण्याचा तांब्या दिला आणि दार लोटून घेतलं.

"पत्र म्या लिवलं," ती म्हणाली.

मला तसं वाटलंच होतं, पण ऐकल्यावर हातातला तांब्या मी खाली ठेवला.

"नवनाथ वाचायचा, म्या जाळं सांधत ऐकायचे. आन तो म्हनायचा, आये, नुसती काय ऐकती, ये हितं, ह्यो 'श' बघ. तीन वर्सं शिकवलं त्यानं मला. ह्यांना ठावं न्हाई. शेवटलं पुस्तक गुरुजींनी शाळेत आनलं, तवा म्या मागून घेतलं. म्हैनाभर वाचत हुते एकेक अक्षर." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मला काय येड लागलं न्हवतं, बाई. त्यो न्हाई ह्ये मला ठावं हाय. पर म्हनलं, पुस्तकातल्या पोराचं तरी काय झालं ते इचारावं. त्याच्या आईला कुनी सांगितलं का न्हाई."

"मग स्वतःच्या नावानं का नाही लिहिलंत?"

"मोठ्या मानसाला कोन उत्तर देतंय? नाना पोरांना देत्यात."

"आणि नवऱ्याला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. ईस डाव सांगितलं, म्याच लिवलं म्हनून. म्हनले, तुला अक्षर येत न्हाई, खोटं बोलती. म्हनलं, लिवून दावते, तर पाटी फेकून दिली. त्यांना तसंच पायजे हाय." ती माझ्या डोळ्यांत बघत होती. "त्यांनीच पाठवलं हुतं ना त्याला जाळ्यावर. त्यो खाली सुखात हाय म्हनलं की जेवत्यात. त्या कार्डापासनं दोन टाइम जेवाय लागलं. म्हनून म्या बी गप ऱ्हायले जरा. माझी बी चूक हाय."

मी तिच्यापुढे हात जोडले आणि कार्ड मी लिहिल्याचं सांगितलं. मला वाटलं, ती मला दाराबाहेर काढील. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चला, त्येंनाच सांगा."

पाणी पार आत सरकलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून आम्ही अर्धा तास चाललो. जुन्या घरांची जोती, एक जातं, एक तुळशीवृंदावन अशा वस्तू उन्हात पडल्या होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढत हौसाबाई अशी चालली होती, की तिला प्रत्येक घर माहीत असावं. पुढे दगडी कमान उभी होती. तिच्या अलीकडे गुरुजी आणि दोन बाप्ये बसले होते. कमानीच्या तोंडाशीच एक माणूस उभा होता.

मी वेडसर माणसाची कल्पना करून आले होते. ज्ञानदेव नगऱ्यांनी दाढी केली होती, स्वच्छ सदरा घातला होता, आणि हातात लहान मुलाच्या चपलांचा नवा जोड होता. मी चपलांकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"एक नंबर मोठी घेतल्यात," ते म्हणाले. "नऊ म्हैन्यांत पाय वाढला आसंल." मग कमानीकडे वळून त्यांनी हाक मारली. "नवनाथ!" अगदी साधी हाक, जेवायला बोलवावं तशी. कमानीपलीकडे ओला काळा गाळ चमकत होता. ते मान कलती करून ऐकत राहिले, आणि मीसुद्धा ऐकत राहिले, हे मला कबूल केलं पाहिजे.

"दादा," मी म्हणाले, "मी नानांच्या ऑफिसातनं आलेय. ते कार्ड नानांनी लिहिलेलं नाही. मी लिहिलं."

"नानांचं अक्षर हाय ते."

"त्यांचा हात कापतो. सहा वर्षं झाली. त्यांच्या अक्षरात मीच लिहिते. नवनाथचं पत्र आलं असं मला वाटलं, म्हणून मी गंमत—"

"गंमत?"

"पुस्तकातल्यासारखं लिहिलं. मला माहीत नव्हतं. दादा, तिथे दार नाही. तिथे गाळ आहे."

त्यांना राग आला नाही. उलट समजूत घालावी तसं ते म्हणाले, "बाई, तुमाला गुरुजींनी आनलंय, व्हय ना? मला थांबवायला. चांगली हाईत ती मानसं. पर तुमी कारकून. नानांचं अक्षर मी वळखतो. तुमी जावा आता." आणि त्यांनी उंबऱ्यापलीकडे पाय टाकला.

त्यांचा पाय घोट्यापर्यंत गेला. मागे दोघे बाप्ये उठून उभे राहिले.

"एक मिनिट थांबा," मी ओरडले. "एकच मिनिट. मग हवं तर जा."

मी पर्समधून गुरुजींचं पत्र काढलं, त्याची कोरी बाजू वर केली आणि कमानीच्या दगडावर टेकवून लिहायला लागले. चि. नवनाथ, तुझं पत्र इथे खाली पोचलं. मला भीती वाटली, की आज नेमकं अक्षर बिघडेल. पण ते बिघडलं नाही. तो कललेला 'न' तसाच आला. ज्ञानदेव पाय चिखलात ठेवून वाकून बघत होते. मी एकेक ओळ लिहीत गेले आणि मला कळत होतं, की मी काय करतेय. तो माणूस नऊ महिने एका पोराला जिवंत ठेवून होता, आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत ते पोर बुडवत होते. 'तो ओ देईल' लिहिलं. 'कुणाला सांगू नकोस' लिहिलं. सही केली, रेघ ओढली.

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. कार्ड आणि कागद शेजारी धरले. ओठ हलवत, बोट फिरवत त्यांनी दोन्ही वाचले. मग सहीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या सहीवर.

"म्हंजी नवनाथनं पत्र लिवलं न्हाई," ते म्हणाले.

"म्या लिवलं," हौसाबाई म्हणाली.

"तुला येतंय लिवायला?"

"त्यानंच शिकवलं. तुमी जाळ्यावर गेला की."

ज्ञानदेवांनी चिखलातून पाय ओढून काढला आणि कमानीच्या कडेला मटकन बसले. ते रडायला लागले तसे दोघे बाप्ये दुसरीकडे बघू लागले. तो आवाज मी त्यानंतर कधी ऐकला नाही आणि त्यानंतर रोज ऐकलाय. हौसाबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तीही तेव्हाच रडली, बहुधा नऊ महिन्यांत पहिल्यांदा, कारण घरात दोघांनी एकदम रडायची सोय नव्हती.

बऱ्याच वेळानं ते शांत झाले. सदऱ्याच्या आतून त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत तीन जुनी पोस्टकार्डं होती, कडा मऊ पडलेली.

"आन ही?" त्यांनी विचारलं.

मी वरचं कार्ड हातात घेतलं. "चि. नवनाथ, तू म्हणतोस ते खरं आहे. पहिल्या पुस्तकात शतंजयाला पोहता येत नव्हतं, मग चौथ्यात तो नदी पोहून कसा गेला? चूक माझीच. तू माझ्यापेक्षा सावध वाचतोस. असाच वाचत राहा."

माझं कार्ड. तिन्ही माझीच. हजारांतली तीन. मला आठवतसुद्धा नव्हती.

"प्रार्थनेला उभं करून वाचायला लावलं हुतं गुरुजींनी," ज्ञानदेव म्हणाले. "साऱ्या शाळेपुढं. एवढ्या मोठ्या मानसानं आपली चूक कबूल केली म्हनून. आठ दिस नीट जेवला न्हाई, एवढा आनंद झालता. उशाला घेऊन झोपायचा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही बी तुमीच लिवली का?"

हौसाबाई त्यांच्या मागे उभी होती. तिनं काही खूण केली नाही, मान हलवली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

नानांनी सांगितलं होतं, खरं सांग.

"नाही," मी म्हणाले. "ही नानांनी स्वतः लिहिलीत. तेव्हा त्यांचा हात चांगला होता."

सहा वर्षांपासून कापतो, असं मी त्यांना थोड्याच वेळापूर्वी सांगितलं होतं. कार्डांवर तारखा होत्या, चौऱ्याण्णव, पंचाण्णव, शहाण्णव. ज्ञानदेवांनी तिन्ही कार्डं मांडीवर ओळीनं ठेवली. शेजारी माझा कागद ठेवला. तोच 'न', तीच सही, तीच नागमोडी रेघ. त्यांनी एकेक कार्ड उचलून उन्हात धरून पाहिलं. घाई केली नाही.

मग त्यांनी मार्चमधलं कार्ड आणि माझा कागद एकत्र घडी करून माझ्या हातात दिले. ती तीन कार्डं पुन्हा पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि सदऱ्याच्या आत सरकवली.

"व्हय," ते म्हणाले. "ही येगळी हायेत. अक्षरच येगळं हाय. न्हाई का गं?"

"येगळंच हाय," हौसाबाई म्हणाली.